नर्सबायचं शेत

२६ मे २०२५
मुंबईत आज मान्सून आला. मे महिन्यातच. तोरंगणच्या घाटात जीपच्या काचेतून पुढचं काही दिसत नव्हतं. मोखाड्याला उतरले, खोडाळ्याची गाडी धरली, पुढे पाड्यापर्यंत चालत.
घर उघडलं. ओल्या कुडाचा वास. आईला जाऊन महिना झाला. लाइट नाही.

२७ मे
शेजारची वहिनी सकाळीच चहा घेऊन आली. राब भिजलेत म्हणाली. सगळ्यांचेच.
आईनं राब झावळ्यांच्या रविवारच्या आधी भाजून ठेवला होता. खाली शेण, त्यावर पालापाचोळा, त्यावर ऐनाचे टहाळ, वरून गवत आणि माती. ७३ वर्षांची बाई डोक्यावर पाटी घेऊन चढ चढत होती, वहिनी सांगते. आता राख बसून काळा गिलावा झालाय. बी पेरावं की थांबावं, कुणालाच सांगता येईना. हा पाऊस टिकणारा की फसवा?
दादाचा वसईहून फोन. "यंदा अर्धेलीनं देऊन टाकू. तू नाशिकला, मी इकडे. कोण बघणार?"
मी उद्या सांगते म्हटलं.

२८ मे
पडवीतल्या खुंटीला ब्रश टांगलेला आहे. नखं घासायचा. लाकडी पाठ काळी पडलेली, केस झिजून खुंट उरलेत. खालच्या दगडावर लाल लाइफबॉयची वडी, वाळून चिरलेली.
आवणीच्या दिवसांत रात्री कुणी बाळंतपणासाठी हाक मारायला आलं की आई आधी कंदील लावायची आणि मग या दगडापाशी उभी राहायची. दिवसभर चिखलात असलेले हात. नखांच्या कडांना माती, कातडीच्या रेघांत माती. कोपरापर्यंत साबण, मग ब्रश, मग पाणी. परत साबण. आलेला माणूस अंगणात तळमळायचा. "बाय, चल ना गं." ती घासतच असायची. ओठ हलत असायचे. लहानपणी मला वाटायचं ती आकडे मोजते. ती प्रार्थना करायची.
या धुण्यासाठी एक हंडा वेगळा. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली, टँकरची वाट बघायची वेळ आली तरी त्या हंड्याला आम्ही हात लावायचा नाही. तहान लागली असली तरी.
हंडा आजही भरलेला होता. पाणी ओतून दिलं. घासला. परत भरला.

२९ मे
पाऊस. शेवळं उगवली.

३० मे
शेवळाची भाजी केली. काकडं मिळाली वहिनीच्या झाडाची, म्हणून. ती घातली नाहीत तर घसा खाजतो, मग तासभर कुणी कुणाशी बोलत नाही. आई शेवळाची पिवळी बोंडं काढून टाकायची, देठ बारीक चिरायची, काकडं ठेचून रस घालायची. मला चव जमली नाही. तिखट जास्त झालं.

१ जून
आईचा कागदोपत्री वाढदिवस. नवापूर तालुक्यातल्या तिच्या शाळेत गुरुजींनी पोरांच्या जन्मतारखा १ जून लावून टाकल्या होत्या. खरी तारीख तिलाही ठाऊक नव्हती. होळीच्या सुमारास, एवढंच.
रविवार. उपासना आमच्याच ओटीवर झाली, पाचसहा घरं. गाण्याची पट्टी नेहमी आई धरायची. आज सुरुवातच वरच्या सुरात लागली. दुसऱ्या कडव्याला निम्मे गप्प झाले. पाळकांनी शेवटचं कडवं सोडून प्रार्थना घेतली.
नंतर सगळे बांधापर्यंत चालत गेले. बाबांच्या कबरीशेजारची माती अजून उंच आहे, पावसानं एका बाजूनं खचलीय. दगड लावले.

३ जून
ट्रंक उघडली.
आईच्या नेमणुकीचा आदेश, ठाणे जिल्हा परिषदेचा, १९७३. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो झाला २०१४ मध्ये. ती एकवीस वर्षांची. चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात दोन वर्षं शिकलेली. ते हॉस्पिटल १९४२ पासूनचं, सुरत-भुसावळ लाइनीवरच्या स्टेशनाचं गाव. तिथून ही पोरगी एकटी, एक वळकटी घेऊन, मोखाड्यात. इथे तिची मावची कुणाला येत नव्हती आणि तिला इथली बोली.
काचेची सिरिंज, पितळी डब्यात. सुया. ही स्टोव्हवर उकळायची, आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही.
अॅल्युमिनियमची नळी. पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची. एका बाजूला पसरट, एका बाजूला कर्णा. कानाला लावून पाहिली. पावसाचा आवाज आला.
'स्मृतिचित्रे', पुठ्ठा नसलेलं. प्लेगच्या इस्पितळातली पानं हाताळून मऊ झालीत. लक्ष्मीबाई टिळक तिला घरच्यासारख्या वाटायच्या. "त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी उभ्या राहिल्या," म्हणायची.
वर्तमानपत्राचं एक कात्रण, मार्च २०१४: भारत पोलिओमुक्त. तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.
बायबल वेगळं, फळीवर. त्यात चिठ्ठ्या. पाड्याचं नाव, बाईचं नाव, महिना. आधी मला नवसाच्या वाटल्या. मग कळलं, कोणाचे दिवस कधी भरणार याची यादी आहे. रजिस्टर केंद्रात राहायचं, ही नक्कल ती घरी आणायची. सकाळी त्यावर बोट ठेवून एकेका बाईसाठी मागायची. मोकळी झाली की चिठ्ठी काढून चुलीत.
ज्या उरल्यात त्या कुणाच्या? मोकळ्या झाल्या नाहीत त्यांच्या, की ती काढायची विसरली?

४ जून
ऊन. जमीन उकिरड्यासारखी वाफाळतेय. वाफसा कधी येईल देव जाणे.

५ जून
ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे गेले. पाड्यावर अजून तलाठीच म्हणतात. माणूस चांगला. 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी करून घेताहेत, तुमची राहिलीय म्हणाले.
सातबारा समोर ठेवला. बाबा २००९ मध्ये गेले, जमीन अजून बाबांच्या नावावर. आईनं कधी वारस नोंद घातली नाही. सोळा वर्षं तिनं एकटीनं नांगरट करून घेतली, राब भाजला, आवणी केली, कर भरला. पावत्या ट्रंकेत आहेत. नाव नाही.
त्या आधीही नव्हतं. लक्ष्मीमुक्ती योजनेत १९९२ पासून नवऱ्याला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येत होतं. बाबांनी लावलंही असतं, तिनं विचारलं असतं तर. तिच्या डोक्यात ते आलंच नसावं.
आता वंशावळीत तिचं नाव येईल, पुढे मयत लिहून. सातबारावर दादाचं आणि माझं.
मी कागद पुन्हा पुन्हा पाहत राहिले. सातच्या बाजूला माणसांची नावं. बाराच्या बाजूला पिकांची: भात, नागली, वरई, उडीद. तिची नागली कागदावर आहे.

५ जून, रात्री
झोप नाही. मला राग येतोय. कुणाचा ते सांगता येत नाही. ती असती तर म्हणाली असती, जमीन परमेश्वराची. पण परमेश्वराच्या जमिनीचा शेतसारा ती भरत होती ना?

७ जून
पलीकडच्या पाड्यातली सुईण आजी आली. काठी टेकत, इरल्याखाली. वय काय असेल, पंच्याऐंशी? ओटीवर बसली, रडली, मग तंबाखू मागितली. घरात तंबाखू नाही हे तिला माहीत आहे, तरी मागितली. आईशी तिचा हा नेहमीचा खेळ.
तिच्या तोंडून:
"तुझी आई आली तवा मी तिला घरात घेतलीच नाय. एवढीशी पोरगी, लगीन नाय झालेलं, मला बाळातपण शिकवणार? आम्ही विळ्यानं नाळ कापायचो. भात कापायचा तोच विळा. वर राख लावायची, शेण लावायचं. सातव्या-आठव्या दिवशी पोर दूध सोडायचं, कमानीवाणी वाकायचं. आम्ही म्हणायचो सटवी घेऊन गेली."
"मग?"
"माझ्या लेकीचं पोर तसं गेलं. दुसऱ्या खेपेला मीच गेलो हिला बोलवाया."
पुढे सरकारनं सुइणींना शिकवलं, पेटी दिली: ब्लेड, दोरा, साबण. शिकवणारी आईच. आजी म्हणते, प्रत्येक मीटिंगला आई आधी हात पुढे करायला लावायची. नखं दाखव. तिची आधी दाखवायची. आवणीचे दिवस असले तरी तिची नखं कापून कातडीला लागलेली.
आजीनं आपले हात पुढे केले. नखं कापलेली. धनुर्वातानं नवजात मुलं दगावणं देशातून हटलं असं २०१५ मध्ये जाहीर झालं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात त्याच्या आधीच हटला."
जाताना नळी मागितली. कानाला लावून बराच वेळ बसली. रिकाम्या हवेत काय ऐकत होती? विचारलं नाही.

८ जून
पेन्टेकॉस्ट. उपासनेला कमी माणसं. सगळे शेताच्या चिंतेत. पट्टी या वेळी मी धरली, खाली. शेवटपर्यंत गेलं.

९ जून
आजीनं, म्हणजे बाबांच्या आईनं, कणसरी देवीला कधी सोडलं नाही. पहिली कणसं खळ्यावर आली की ती शेंदूर लावायची, कोंबडी द्यायची. आई पलीकडे उभी राहून हात जोडून ख्रिस्ताचे आभार मानायची. मग दोघी मिळून झोडणी. आम्हा पोरांना दोन्हीकडचा नारळ. या खळ्यावर त्यावरून कधी शब्द झाला नाही. वाघबारशीला आई आजीला गूळ-तांदूळ काढून द्यायची, स्वतः पूजेला जायची नाही.
नोकरीत एकदा कुणीतरी वर कळवलं, नर्सबाई धर्म वाटते. चौकशीला माणूस आला. पाड्यातल्या बायकांनी त्याला सांगितलं, ही गोळ्या वाटते. त्यावर प्रकरण मिटलं. आई घरी आली आणि आम्हाला म्हणाली, सरकारी साडी अंगावर असताना मी कुणाच्या घरात मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. करणारही नाही. देवाला ऐकू येतं.

१० जून
जव्हारला गेले, आईच्या पेन्शनच्या कामाला. पतंगशाह कुटीर रुग्णालयाच्या दारात गर्दी. वडाला दोरे, आज वटपौर्णिमा. एक बाई माझ्याकडे बघत उभी राहिली. "तू नर्सबायची ना? नाक तिचंच आहे." ती स्वतः आईच्या हातची. तिची मुलगी आत बाळंतीण. तिनं मला आत नेलं, बाळ दाखवलं. १ किलो ९००. आईच्या छातीला कातडीला कातडी लावून बांधलेलं, वरून पदर. "तुझ्या आईनं आम्हाला असंच शिकवलेलं. तवा इथं असं बांधत नव्हते, पेटीत ठेवायचे."
आई हे कुठे शिकली असेल? कापसात गुंडाळून, छातीशी. चिंचपाड्याला, की चुकत-माकत इथेच?

१२ जून
वावर-वांगणी.
हे लिहायचं टाळत होते. १९९२. मी बारा वर्षांची. जव्हार तालुक्यात मुलं कुपोषणानं गेली, वर्तमानपत्रांत छापून आलं, मंत्री आले, जीपगाड्या आल्या. आसपासच्या केंद्रांतून नर्सेस पाठवल्या, आईही गेली. बरेच दिवस आली नाही. आम्ही आजीजवळ. मला ताप होता. मला तिचा राग आला होता, तो लख्ख आठवतो.
आली तेव्हा जेवली नाही. काही सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. पुढे मी शिक्षिका झाले, वाचलं, विचारलं. ती म्हणायची, "तुला वाचून कळलंय ना? तेवढं पुरे."
त्या दिवाळीत नागली झोडल्यावर तिनं बाबांकडून एक छोटी कणगी विणून घेतली. शेणानं सारवली. त्यात पहिली नागली भरली आणि सांगितलं, ही घरची नाही. कुठल्या पाड्यात पोर वाळत चाललंय असं दिसलं की त्या घरी पिशवी जायची. आंबील कशी करायची ते सांगून. नागली वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. मोठी कणगी कधी रिकामी झाली, आम्ही रेशनचा तांदूळ खाल्ला. छोटीला हात लावला नाही. आजी एकदा भांडली त्यावरून. आई भांडली नाही, दुसऱ्या दिवशी रोजंदारीला गेली, नोकरीवरून आल्यावर, लोकांच्या शेतात, आणि मजुरीचं धान्य आणून आजीपुढे ठेवलं.
छोटी कणगी आत्ता अर्धी भरलेली आहे. झाकण काढून हात घातला. थंड. बारीक.

१३ जून
वहिनीनं भाताचं बी फेकलं. तिचं बघून आणखी दोघांनी.

१४ जून
परवा शाळा सुरू. आज ठरवायला हवं.
दादाला फोन केला. म्हटलं, अर्धेलीनं नको, मी करते. तो गप्प. मग म्हणाला, "तुला आवणी येते का अजून?" येते. लहानपणी पाठ मोडेस्तोवर केलीय. तो म्हणाला, बियाण्याचे पैसे पाठवतो. आणि आवणीला येतो, सुट्टी काढून.
संध्याकाळी बी पेरलं, वहिनी आणि मी. आईनं बियाण्याची नागली कणसासकट चुलीवरच्या माळ्यावर टांगली होती, धुरानं काळी. चोळून काढली. भाताच्या राबात भात, वरच्या राबात नागली. उजेड संपला तेव्हा संपलं.
हात धुतले त्या दगडावर. ब्रशनं.

१६ जून
नाशिक. शाळेचा पहिला दिवस. पहिलीच्या वर्गात रडारड. माझ्या नखांत अजून राख आहे, फळ्यावर लिहिताना दिसते.

२१ जून
खोडाळा. राब हिरवा झालाय. नागलीचं रोप विरळ. पावसानं बी वाहून गेलं एका कोपऱ्यातलं.

२२ जून
रविवार. शेतात गेले नाही. आई रविवारी शेतात पाय ठेवायची नाही, कापणी अंगावर आली तरी. बाळंतपणाला मात्र जायची. उपासना अर्धी टाकून गेलेली मी कितीदा पाहिलीय. पाळक वाट बघायचे नाहीत. तिची शाल तशीच चटईवर.
बाबा पुढे कंदील घेऊन, हातात काठी, सापाला. ती मागे पेटी घेऊन. दोघं बांधावरून जाताना दिसायची, मग उजेड टेकडीमागे जायचा. तिकडे पोचल्यावर बाबा पुरुषांबरोबर बाहेर शेकत बसायचे, रात्रभर. सकाळी परत दोघं. ती केंद्रावर, ते नांगराला. बाबांना कुणी कधी पगार दिला नाही या कामाचा. त्यांनाही ते काम वाटलं नसावं.

२८ जून
दिवसरात्र कोसळतोय. ओहळाला पाणी, पलीकडचा पाडा तुटलाय. मोबाइलला रेंज नाही. वहिनीची सून सातव्या महिन्यात आहे. काही झालं तर?
ऑगस्ट २०२२ आठवतो. इथलीच, बोटोशीची मर्कटवाडी. बाईला झोळीतून न्यावं लागलं, जुळी बाळं गेली. आई तेव्हा सत्तरीची. बातमी ऐकून ती उठली आणि ब्रश धुतला. कुठे जाणार होती? गुडघे गेलेले. धुऊन खुंटीला लावला आणि बसली. त्या रात्री जेवली नाही.
आता आशाताई आहे, १०८ रुग्णवाहिका आहे, उपकेंद्राला पत्रा आहे. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे अजूनही माणसाचे खांदेच.

२९ जून
सून बरी आहे. तिच्याजवळ बसले. पोटावर नळी लावून बघू का म्हणाली, हसत. मला त्यातलं काही कळत नाही. तरी लावली. काहीतरी होतं, भरभर, लांबून. माझ्याच कानातलं रक्त असेल. तिला म्हटलं, परवा उपकेंद्रात जाऊन ये, नक्की.

५ जुलै
नवापूरची मावशी आली, आईची धाकटी बहीण. तीही पिकल्या केसांची. आईसारखीच बसते, एक गुडघा उभा. बांधाकडे गेली, मातीवर हात ठेवून मावचीत बोलत राहिली. मला निम्मं कळलं. रागावत होती. एवढ्या लांब का राहिलीस, असं काहीतरी.
रात्री सांगितलं: चिंचपाड्याला शिकून झाल्यावर तिथल्याच हॉस्पिटलात तिला ठेवून घेणार होते. क्वार्टर, बहीण जवळ, चर्च जवळ. तिनं सरकारी अर्ज भरला. मोखाडा कुणी मागत नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, जिथे कुणी मागत नाही तिथेच जागा असते.
"आणि मग तुझा बाप भेटला," मावशी म्हणाली. "दवाखान्यात पाय कापून आलेला, कोयता लागून. टाके घालताना ओरडला नाही म्हणून आवडला."
हे मला माहीत नव्हतं. बाबांच्या पोटरीवरचा व्रण माहीत होता.

६ जुलै
आषाढी. पाड्यात उपास. उपासनेला मावशीनं मावचीत गाणं म्हटलं, कुणालाच येत नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं.

१२ जुलै
आवणी. दादा आला, वहिनीच्या घरची चार माणसं. मावशी बांधावर बसून जुड्या बांधून देते. गुडघाभर चिखल, पाठीवर पाऊस. चार-चार काड्या, अंगठ्यानं दाबून, मागे सरकत. पहिली ओळ वाकडी. वहिनी काही न बोलता उपटून परत लावते.
दुपारी भाकर, उडदाची डाळ, सुकट.
ह्या खाचराचा वरचा कोपरा पाणी धरत नाही. आई तिथे दरवर्षी दगड रचायची. दादानं रचले. दादा सबंध दिवसात काही बोलला नाही, ते दगड रचताना म्हणाला, "तिला रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही होत्या गं."

१२ जुलै, रात्री
अंग ठणकतंय. तीस वर्षं ती हे करून पुन्हा हात घासून बाहेर पडायची. हे मी जिथे-जिथे तिच्याबद्दल बोलले तिथे सांगितलं नाही. सेवा, त्याग, असले शब्द लोक श्रद्धांजलीत बोलले, मीही मान हलवली. ओणव्यानं दिवस काढल्यावर रात्री पुन्हा कुणाच्या दोन पायांमध्ये कंदिलाच्या उजेडात ओणवं बसायचं, हे कुणी बोललं नाही.

१९ जुलै
फेरफार नोंद मंजूर झाली. दादाचं नाव, माझं नाव. दादानं माझं आधी लिहायला सांगितलं होतं.
खोडाळ्यात सागाच्या पाटीवर अक्षरं कोरणारा आहे. दगड पुढच्या वर्षी, माती बसल्यावर. पाटीवर काय घालायचं? दादाला स्तोत्र हवंय, १२१ वं, रात्री बाहेर पडताना ती तेच म्हणायची. घालू. पण वर नाव, त्याखाली आरोग्य सेविका, आणि शेतकरी.
"शेतकरी कशाला? कागदावर तशी नोंद कुठे आहे?" दादा.
"म्हणूनच."
कोरणारा अक्षरांवर पैसे घेतो. जन्मतारखेसाठी थांबला. १ जून सांगितली. मग परत फोन करून ती काढायला लावली, नुसतं १९५२ ठेवलं.

२० जुलै
नागली लावायची राहिलीय, रोप कमी पडतंय. वहिनीकडून मुठी आणाव्या लागतील.
उपासना झाल्यावर अंगणवाडीताई आली. दोन मुलं आहेत म्हणाली, वजन उतरलंय. एक वीटभट्टीवरून आलेलं. केंद्रात आहार सुरू आहे, घरी काही नाही. "नर्सबाय द्यायची ती नागली…" पुढे बोलली नाही.
छोटी कणगी उघडली. आई किती द्यायची? ताईला माहीत होतं, महिन्याला घरटी एक पायली. दोन पायल्या मोजून दिल्या. आईच्या नागलीच्या वहीत पान काढलं, तारीख घातली, पाड्याची नावं लिहिली. तिच्या शेवटच्या नोंदीखाली, मार्चच्या.
म्हणजे यंदाची नागली यायलाच हवी. दिवाळीपर्यंत फेऱ्या. निंदणीचं वहिनीला विचारलं, रोज किती द्यायचा. म्हणाली, "रोज नको, सावडीनं करू. तू माझ्याकडे एक दिवस, मी तुझ्याकडे. पुढच्या रविवारी ये."
"रविवारी नाही. शनिवारी दुपारी पोचते."
"हां, विसरलेच. शनिवारी. खुरपं घेऊन ये, तुझ्या आईचं बोथट झालंय."